एक बी कमी

तोडणीला चार दिवस उरले असताना पाऊस झाला
आणि एका रात्रीत बागेतल्या चेऱ्या उलल्या.
उललेली चेरी होबार्टचा व्यापारी हातात धरत नाही.
गार्थ पायबसने त्यातली एक बादली
माझ्या पायरीवर आणून ठेवली,
बेल न वाजवता.
कुंपण त्याच्या मते तीन फूट इकडे हवं, माझ्या मते तीन फूट तिकडे.
या गोष्टीला चार वर्षं झाली.
तेव्हापासून तो मूग गिळून बसलाय,
आणि मीही काही कमी नाही.

डिसेंबर आहे. ह्यूऑनच्या खोऱ्यात
रात्रीचे साडेआठ वाजले तरी ओट्यावर ऊन असतं.
मी केसांतली पिन काढली, उकळत्या पाण्यातून बुचकळली.
तिच्या वाकात बी अडकवायची,
मनगट किंचित वळवायचं,
टप्.
चिरायची गरजच नव्हती, पावसानेच चिरल्या होत्या.
पस्तीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं निवडली मी,
मोजल्याशिवाय या हातांना काही करता येत नाही.
चेऱ्या दोनशे अठरा.
वाडग्यात बिया दोनशे सतरा.

पुन्हा मोजल्या, दहादहाच्या ओळी लावून.
दोनशे सतरा.
मग एकेक चेरी चिमटीत दाबून पाहिली.
सगळ्या मऊ, सगळ्या निर्दोष,
कोर्टात सगळेच असतात तशा.

रात्रभर मंद ओव्हनमध्ये त्या सुकल्या,
सकाळी चामड्यासारख्या चिवट, कडेला काळसर, आंबटगोड.
काळ्या चॉकलेटची लादी टॉवेलात गुंडाळून
हातोडीने ठेचली. (मनात कुंपण होतं, खोटं कशाला बोलू.)
लोणी आणि तपकिरी साखर दंड भरून येईपर्यंत फेसली,
दोन अंडी, मैदा, चिमूटभर मीठ,
आणि सगळा वेळ, दाताखाली खडा यावा तसा
तो आकडा.

माझ्या ओव्हनचा डावा कोपरा तापट आहे,
सहा मिनिटांनी ट्रे फिरवावा लागतो.
मध्यभागी बोट रुततंय तोवरच कुकी बाहेर काढायची.
कडक झाल्यावर काढलेली कुकी म्हणजे
भांडण संपल्यावर सुचलेलं उत्तर.

सव्वीस झाल्या.
चव पाहायला एकही फोडली नाही.
डब्यात भरल्या, वर चिठ्ठी ठेवली:
‘यातल्या एकीत बी असू शकते. सांभाळून चाव.’
चार वर्षांतलं माझं पहिलं वाक्य,
आणि तेही धोक्याची सूचना.
डबा त्याच्या पायरीवर ठेवला,
बेल न वाजवता.

दुसऱ्या रात्री सपाता काढताना तळव्याला काहीतरी टोचलं.
डाव्या सपातेच्या शिवणीत ती बसली होती,
वाळलेली, दोनशे अठरावी.
त्याला जाऊन सांगायला हवं होतं.
दिवा लागलेला दिसत होता त्याच्या स्वयंपाकघरात,
आणि तो टेबलाशी, एकटा,
गाईच्या सावकाशीने काहीतरी चावत होता.
मी पडदा ओढला.

गुरुवारी दार वाजलं.
डबा धुतलेला, पुसलेला, झाकण कधी नव्हे ते घट्ट.
‘नव्हती,’ गार्थ म्हणाला.
त्याचा आवाज मला आठवत होता त्यापेक्षा म्हातारा होता.
‘सगळ्या खाल्ल्या. उजव्या बाजूने.
डावीकडची दाढ माझी नकली आहे.’
मग जाईना. कठड्याचा निघालेला रंग नखाने खरवडत राहिला.

एप्रनच्या खिशात माझ्या बोटांखाली ती होती,
एवढीशी, गुळगुळीत.
‘मग पुढच्या घाण्यात असेल,’ मी म्हणाले.

त्याने बराच वेळ विचार केला,
कुंपणाच्या दिशेने पाहिलं, पण कुंपणाकडे नाही.
‘अजून तीन बादल्या आहेत,’ म्हणाला,
‘गाडीतच आहेत.’