नमुना सतरा

प्रतापगंज, रात्रीचे पावणेदोन.
पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चिपमधून
तेलात थेंब सुटतायत, एकामागून एक.
दहातले नऊ रिकामे.
"खाली छे, बेन," कनुभाई जांभई देत म्हणतात.

मग एक येते.
पांढरी पेशी, नमुना सतरा.
नाव उच्चारायचं नसतं.
(भूमिती शिकवायचे. दांडिया बाजारात राहतात.)
केसाहून बारीक गल्लीत
ती थेंबासकट अंग चोरते,
जसे मास्तर परवा, पाकीट न फोडता,
दवाखान्याच्या पायरीवर.

रिपोर्टात सगळं सरासरीने ठीक होतं.
सरासरीने विश्वामित्रीही गुडघाभरच,
मगरी धरून.

मी वहीत लिहिते: एक.
तेवढ्यात नळीत बुडबुडा शिरतो,
कनुभाई पंप बंद करतात.

ती वळणावरच थांबलीय.
मास्तरांना अजून काही कळवलेलं नाही.