चाक मागून बघावं

छेडानगरच्या पुलाखाली, सिग्नल सुटल्या सुटल्या,
पुढच्या डाव्या चाकाने खड्डा घेतला
आणि गाडीने, जी एरवी हूं की चूं करत नाही,
एकच शब्द काढला.

मुश्ताकने चाक टबात बुडवलं.
कडेपाशी बारीक बुडबुडे,
कोणी शहाळ्यात स्ट्रॉ फुंकावी तसे.
"टायर नाही साहेब, रिम गेली. वेल्डिंग करू नका.
या गाडीच्या पोटात म्हशीच्या वजनाची बॅटरी आहे."

म्हणून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी वजनं वाचत बसलो.
कंपनीचं चाक साडेअकरा किलो.
एक नऊ-दोनशे.
एक साडेआठ, पण भार किती घेणार ते लिहिलेलं नाही.
शेवटी ते फुटकं चाक उचलून आणलं
आणि बाथरूममधल्या काट्यावर ठेवलं,
ज्यावर मी स्वतः दिवाळीपासून उभा राहिलेलो नाही.

विनया दारात. "किती वाचणार?"
चाकामागे दोन-सव्वादोन. चार चाकांचे नऊ किलो.
"नऊ तू कमी कर ना. फुकटात होईल."
मी समजावायला गेलो
की स्प्रिंगच्या खालचं वजन वेगळं, वरचं वेगळं,
खालचं प्रत्येक खड्ड्यात स्वतः उतरतं, स्वतः चढतं,
वरचं नुसतं बसून असतं.
"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

कुर्ल्याला हेमल गालाचं दुकान.
भिंतभर चाकं, काळी, चंदेरी, एक चक्क तांब्याच्या रंगाचं,
देव उठून गेल्यावर उरलेल्या प्रभावळींसारखी.
मी पुढून बघत होतो.
त्याने एक उतरवलं आणि पालथं केलं.
"पुढून सगळीच देखणी. चाक मागून बघायचं."
मागे कोरलेलं: भार सहाशे नव्वद. महिना, साल.
दुसरं पालथं केलं. मागे काहीच नाही,
कोरी पाटी.
सगळ्यात हलकं तेच होतं.

"हे ओतीव, हे घडीव," गाला म्हणाला.
"घडीवला दाब दिलेला असतो, हजारो टनांचा,
म्हणून कमी धातूत भागतं."
म्हण लगेच जिभेवर आली, टाकीचे घाव आणि देवपण.
मी गिळली.
माझे वडील एकोणतीस वर्षं भांडुपला, घणाच्या खात्यात.
जेवताना आईला उजव्या हाताला बसवायचे,
डावा कान केव्हाच गेला होता.
घाव ऐकून ऐकून बहिरेपण आलं, एवढंच.
पण कुठलाही धातू दिसला की टिचकी मारून ऐकायचे,
मान तिरकी करून, उरलेल्या कानाने,
आणि सांगायचे, हा टिकेल, हा नाही.

मीही टिचकी मारली.
वाजलं.
काय वाजलं ते कळलं नाही.
विचारायचं राहून गेलं.

घेतलं ते नऊ-दोनशेवालं, घडीव, राखाडी,
पाच जाड आऱ्यांचं, मला न आवडलेलं.
नट नवे. मधली रिंग ॲल्युमिनियमची, प्लास्टिकची नको.
किंमत विनयाला दोन हप्त्यांत सांगितली.

आता एका चार्जात सहा किलोमीटर जास्त मिळतात.
किंवा मी एसी कमी लावतोय.
पुलाखालचा खड्डा पेव्हर ब्लॉकने बुजवला,
शेजारी नवा पडलाय.
गाडी त्यात उतरते आणि बाहेर येते,
काही न बोलता.

धडकी तीन चाकं गालाने ठेवून घेतली.
फुटकं भंगारवाल्याकडे नेलं.
त्याने ते आकड्याला टांगलं
आणि काटा थांबायची वाट बघत राहिला.
साडेअकरा.
"चांगलं जड आहे," म्हणाला.
आणि मी, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच,
अजून थोडं असतं तर बरं झालं असतं
असं वाटून उभा.