गंगावेश ते स्टँड

अठ्ठावीस वर्षं केएमटीत कंडक्टर होतो.
दांडा धरला नाही कधी.
एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्यात चिल्लर,
बोटांच्या बेचक्यात दुमडलेल्या नोटा,
आणि ड्रायव्हर रंगराव ब्रेक मारायचा असा
की मागची माणसं पुढच्या सीटवर.
मी उभा.
खड्डा कुठं येतोय ते पायांना आधीच ठाऊक.

आणि गेल्या आषाढात, घरातल्या घरात,
मोरीच्या उंबऱ्याशी,
कोरड्या फरशीवर, बरं का, कोरड्या,
आडवा.
कपाळाला पाच टाके, मनगट प्लास्टरात.
बघायला येणारे विचारायचे, चक्कर आली का?
आली असती तर बरं वाटलं असतं.
काहीच आलं नव्हतं. नुसता पाय गेला.

टाके आठ दिवसांत निघाले.
मी मात्र भिंत धरून चालायला लागलो.
पलंगापासून मोरीपर्यंत
हाताच्या उंचीला तेलकट पट्टा उमटला.
सुगंधा तो पुसायची,
मी परत काढायचो.

मग तबस्सुम मुजावर आली, फिजिओथेरपीवाली.
माझ्या नातीच्या वयाची.
आल्या आल्या घरभर फिरली,
दारातलं पायपुसणं गुंडाळून ठेवलं,
मोरीत दांडा बसवा म्हणाली, रात्री दिवा ठेवा,
आणि माझी कापशीची करकरती पायताणं उचलून
उंबऱ्याबाहेर:
"काका, ही रस्त्यावर. घरात रबरी."

ओट्याला दोन बोटं. एक पाय वर.
"दहा मोजा."
आकडे मोजायचा मला कंटाळा, जन्मभर सुट्टे मोजले.
मी थांबे मोजले.
गंगावेश.
पापाची तिकटी.
महापालिका.
पाय टेकला तो नेमका सीपीआरला.
सुगंधा हसली. मुजावर बाई हसली.
मी जरा उशिरा.

फरशीच्या सांध्यावरनं टाचेला पंजा लावत चालणं,
हात न टेकता खुर्चीतनं उठणं, बसणं, उठणं.
मांड्या ठणकल्या
तालमीत पहिल्यांदा गेलेल्या पोरासारख्या.
एक दिवस चिडून विचारलं,
बसमध्ये एवढी वर्षं पडलो नाही, मग आत्ताच का?
ती पट्टा गुंडाळत म्हणाली,
"बस तुम्हाला रोज शंभरदा पाडायला बघायची, काका.
तुम्ही रोज शंभरदा सावरत होता.
रिटायर झालात,
पाडणारं कुणी राहिलं नाही."

आता दसरा चौकापर्यंत जातो. उजव्या पायावर.
डावा अजून महापालिकेलाच घुटमळतो.

काल सुगंधाला घेऊन बसमध्ये चढलो.
कंडक्टर नवी पोरगी, गळ्यात मशीन.
"आजोबा, दांडा धरा."
धरला. त्यात काय.
पण व्हीनस कॉर्नरच्या वळणाला
बस कलायच्या आत
माझे गुडघे कलले.

मशीनमधनं फिकट शाईचं तिकीट आलं.
तिनं नोटेकडं बघून कपाळाला आठ्या घातल्या.
म्हटलं, थांब पोरी,
सुट्टे आहेत माझ्याकडं.