कबुतराचं नाव

डंडीच्या मेडिकल कॉलेजात, जानेवारीत दोन दिवस,
मी एक म्हातारी शेजारीण असते.
खोली क्रमांक पाच. दोन खुर्च्या, पाण्याचा जग,
कोपऱ्यात एक डॉक्टर, नसल्यासारखा बसलेला.
दिवसाचे ठरलेले पैसे, दुपारी सूप, परतीचं बसभाडं.
एरवी मी इशबेल. शाळेच्या खानावळीत
एकतीस वर्षं बटाटे वाढले.

दारावरचा कागद पोरं दोन मिनिटं वाचतात:
शेजारीण लेकीकडे गेली होती. तिचं कबूतर तुमच्याकडे होतं.
पिंजरा तुमच्याकडून उघडा राहिला. मांजरानं डाव साधला.
आता आत जा आणि तिला सांगा.
घंटा. आठ मिनिटं.

सकाळपासून माझं कबूतर बावीस वेळा मेलंय.
बावीस वेळा मी ओठांवर हात नेला,
बावीस वेळा खिडकीकडे पाहिलं,
जिथून टे नदी दिसते म्हणतात
आणि दिसतं ते फक्त समुद्रावरून चढून आलेलं धुकं.

पोरं हुशार आहेत, त्यात वाद नाही.
कुणी मान कलती करतं, नेमकी हवी तेवढीच.
कुणी तीन सेकंद गप्प बसतं
आणि मला ते सेकंद मोजलेले ऐकू येतात.
'तुम्हाला काय वाटत असेल याची मला कल्पना आहे.'
कबूतर गेलं हे सांगायला
पोपट येतायत एकामागून एक.
हसू नये मी. एकाचे गुडघे टेबलाला असे थडथडत होते
की जगातलं सगळं पाणी हलत होतं.

मग तेविसावी.
नावं आम्हाला सांगत नाहीत, छातीवर नुसता आकडा.
कोट मागून आणलेला, बाहीवर दुकानाची पट्टी तशीच.
बसली, आणि खोलीत मासळीच्या धुराचा वास आला,
आर्ब्रोथकडच्या धुराड्यांचा, जो साबणाला दाद देत नाही.
म्हणाली, 'मांजरानं नेलं. दार मी उघडं टाकलं होतं.'
एवढंच. पुढचं पाठ केलेलं बहुतेक विसरली.
मी हात ओठांवर नेला.
ती माझ्या हाताकडे बघत राहिली, मोजल्याशिवाय,
आणि म्हणाली,
'नाव काय होतं त्याचं?'

माझ्या कागदावर नाव नाही.
कबुतराचं वय आहे, रंग आहे, मांजर कुणाचं तेही आहे.
'ल्यूइस,' मी म्हणाले.
कुठून आलं तोंडात, ठाऊक नाही.
खोटं कशाला बोलू. ठाऊक आहे.
कोपऱ्यातल्या डॉक्टरनं पेन उचलून परत ठेवलं.

'हातावर बसायचा?'
'बसायचा. सकाळी. चहा होईपर्यंत.'
हेही कागदावर नव्हतं.
मग आम्ही दोघी काही बोललो नाही,
आणि घंटा झाली.

दारात ती वळली. चेहरा पांढराफटक.
'अरे देवा, माफी मागायचीच राहिली.'
पण घंटेनंतरचं बोलणं धरत नाहीत, तसा नियम आहे.

गुण देताना एक चौकट माझीही असते.
माफी मागितली का? नाही.
चूक कशी झाली ते समजावलं का? एका वाक्यात.
पुढे काय करू, असं विचारलं का? नाही.
मी पेन हातात धरून बसले. डॉक्टरनं घड्याळ पाहिलं.
मी काय लिहिलं ते सांगता येणार नाही,
पहिल्याच दिवशी तशी सही घेतात.

दुपारी सुपाच्या रांगेत बाईंनी हळूच सांगितलं:
इशबेल, कागदात आहे तेवढंच बोलायचं.
बरोबर आहे. सगळ्यांना सारखंच कबूतर मिळायला हवं.

नंतर अजून तेरा जण आले. चांगले होते.
दोघांनी तर नवीन कबूतर आणून द्यायची तयारी दाखवली.
मी हात ओठांवर नेला, खिडकीकडे पाहिलं,
आणि प्रत्येक वेळी
जिभेवर नाव धरून बसले होते,
विचारलं असतं तर नियम मोडून सांगितलं असतं.