अर्धा सेकंद

विल्यांडीच्या थिएटरात, डाव्या विंगेत
सव्वीस वर्षं माझी खुर्ची एकाच जागी आहे.
चारही पायांशी खडूच्या खुणा.
झाडणारी बाई पुसते, मी पुन्हा काढते.
आमच्यात यावर कधी बोलणं झालेलं नाही.

माझं नाव वाइके. आमच्या भाषेत त्यात शांतता आहे.
आईनं ठेवलं, तेव्हा तिला कुठं ठाऊक
की मी ते इतकं मनावर घेईन!

काम सोपं. कुणी अडलं
की पुढचा शब्द सरकवायचा,
दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवावी तसा.
घरी जाताना मात्र मला कुणी सांगणारं नसतं,
म्हणून बेकरीचे संवाद मी आधीच पाठ करते:
एक काळा पाव, न कापलेला, दिवस छान जावो.
शेजारणीसाठी बर्फाचे तीन:
लवकर पडला, उशिरा पडला, यंदा पडलाच नाही.

या हिवाळ्यातल्या नाटकात एक माणूस आहे,
दलदलीतलं शेवाळ मोजणारा.
बहिणीच्या लग्नात तो व्याह्यांच्या आईला
शेवाळाची एकोणीस नावं ऐकवतो.
इथं प्रेक्षकांनी हसायचं, असं लीविका म्हणते.
दिग्दर्शक ती आहे.

तार्वोनं मान ताठ केली,
आवाज पत्र्यासारखा, डोळे छताला.
लीविका म्हणाली, अजून थोडा विचित्र कर.

आणि मी बोलले.
विंगेतून, कुणीही अडलेलं नसताना.

तो छताकडे बघत नाही, मी म्हणाले.
तो भुवयांच्या मधोमध बघतो,
लोकांना वाटतं, डोळ्यांतच बघतोय.
तो हसतो, पण अर्धा सेकंद उशिरा,
हे हसायचंच होतं ना, याची आधी खात्री करून.
आणि नावं सांगताना त्याचा आवाज सपाट नसतो हो!
दिवसभरात तेवढाच वेळ तो माणसांत असतो.
ती एकोणीस नावं म्हणजे आहेर आहे.
दुसरं काय न्यावं, हे त्याला सुचलं नव्हतं.

लीविकानं पानं चाळली.
हे संहितेत कुठं आहे, वाइके?
तुला कसं माहीत?

या प्रश्नाचं वाक्य माझ्याकडे नव्हतं.
पाव नाही, बर्फ नाही.
दिव्याची वायर गुणगुणत होती, ती मला
पहिल्या दिवसापासून ऐकू येते, इतरांना नाही.

तार्वो, जो रोज उशिरा येतो,
ज्याचे अर्धवट प्यायलेले चहाचे कप
मला प्रॉपर्टीच्या कपाटातही सापडतात,
जो सगळ्यांची वाक्यं मध्येच तोडतो,
तो कधी नव्हे तो गप्प होता.
मग रंगमंचावरून, हुबेहूब माझ्या आवाजात,
त्यानं एकच शब्द सरकवला:
कारण...

कारण मी, मी म्हणाले.

मध्यंतरात त्यानं आपल्या संहितेतली खूण दाखवली.
डॉक्टरचं पत्र, चार घड्या, वर कॉफीचा डाग.
एक्केचाळिसाव्या वर्षी मिळालं, म्हणाला,
तोवर मी आळशी होतो.
आणि हसला. मीही हसले, माझ्या वेळेवर.
मला अजून पत्र नाही. हवंय का, तेही कळत नाही.

त्या रात्री तळ्याकाठानं जाताना
मी मेलेल्या माणसांनाही तपासत गेले.
कातरकाम करणारे वडील, ज्यांना आम्ही तऱ्हेवाईक म्हणायचो.
वर्गातली एल्विरे, तिला आम्ही घुमी म्हणायचो,
आम्ही म्हणजे मीसुद्धा.
असेलही, नसेलही. हातात फूटपट्टी आली
की दिसेल ते मोजावंसं वाटतं.

पहिल्या प्रयोगाला लग्नाचा प्रवेश.
तार्वो भुवयांच्या मध्ये बघत होता.
सभागृह हसलं, पण कमी, जरा चाचपडत.
मग अंधारात मागे कुठंतरी
एकच कुणीतरी हसलं, उशिरा.

बाराव्या नावाशी तार्वो अडला.
मला एकोणीसही येतात.
मी तेरावंसुद्धा सांगून टाकलं,
कुजबुजत नाही, चांगलं मोठ्यानं.
पहिल्या रांगेला ऐकू गेलं असणार.
जाऊ दे.