चौथं चाक

डिचोलीच्या बगलरस्त्यावर रुझारचं टायरांचं दुकान.
खनिजाच्या ट्रकांनी पत्र्याला दिलेला तांबडा रंग
कुणी पुसत नाही, उद्या परत तोच.
मी डिकीतून चार अलॉय उतरवले, म्हापशाहून आणलेले,
चौघांची मिळून किंमत कंपनीच्या एकाएवढी,
आणि जरा लाजतच म्हटलं, बसवून द्या.

त्यानं बसवले नाहीत.
आधी हात पुसले. मग एकेक चाक
मासळी तोलायच्या जुन्या काट्याला अडकवलं.
सात किलो दोनशे. सात दोनशे. सात एकशे नव्वद.
चौथं सहा आठशे.
"बाय, ह्यातले चारशे ग्रॅम कुणी खाल्ले?"

पुढची बाजू त्यानं पाहिलीच नाही.
चाक पालथं घातलं, आरांच्या मुळाशी बॅटरीचा झोत टाकला,
जिथे पॉलिशवाल्याचा हात पोचत नाही
आणि ओतणाऱ्याची घाई तशीच गोठून राहते:
सुईच्या टोकाएवढी छिद्रं,
कच्च्या भाजलेल्या रव्यासारखा कण.
भाराचा आकडा कोरलेला होता चारांवरही.
"आकडा काय, साच्यात खोदला की उमटतो."

मग दोरीला टांगून पान्यानं ठोकलं.
पहिलं लांबवर वाजत राहिलं.
दुसरं तसंच, तिसरं तसंच.
चौथं थप्प.

तो आवाज मला माहीत होता.
वीस वर्षं सत्तरीतल्या घराघरांत
म्हाताऱ्यांच्या पाठीवर बोट ठेवून
दुसऱ्या बोटानं ठोकून ऐकलाय.
हवा असते तिथे छाती बोलते,
पाणी साचलं की गप्प बसते.
एवढं कळणारी नर्स मी, आणि विचारलं काय,
तर रोग्याच्या घरचे विचारतात तेच:
"पण चालेल ना, काही दिवस?"

रुझारनं माझ्याकडे पाहिलं
जसं मी त्यांच्याकडे पाहते.
"चालेल. काही दिवस."
आतल्या बाजूला खडूनं फुली मारली,
मागे डावीकडे बसवलं,
आणि माझं गंजकं लोखंडी चाक
भंगारात जाऊ न देता डिकीत ठेवलं.
"लोखंड वाकतं, हातोड्यानं परत सरळ होतं.
हे वाकत नाही बाय, हे एकदम..."
वाक्यातली हवा त्यानं सोडून दिली.

घरी येताना साखळीच्या दुकानांच्या काचांत
मी माझीच गाडी बघत आले.
इतक्या वर्षांत तिला साधं सीटकव्हर घेतलं नव्हतं.

सात महिने. केरी, मोर्ले, ठाणे.
दर खड्ड्याला कान मागे, डाव्या कोपऱ्यात.
रविवारी कडेवर साबणाचं पाणी ओतायचं,
बुडबुडा दिसला नाही की आठवडाभर निर्धास्त.
हळूहळू मला वाटायला लागलं,
रुझारचाच कान म्हातारा झालाय.

उमाकांत गावसच्या आईचं सलाईन काढून परतत होते.
खड्डा काही मोठा नव्हता.
गाडी नुसती बसली, गुडघे दुखणाऱ्या बाईसारखी.
मोबाइलच्या उजेडात बघितलं:
आरापासून कडेपर्यंत केसाएवढी रेघ,
फुलीपासून चांगली चार बोटं दूर.
रात्री साडेअकराला काजूच्या पाल्यात गुडघे टेकून
जॅक फिरवला. लोखंड जड होतं,
तळहातांना गंज लागला.
चार नट. घरी पोचले.

ते अजून तिथंच आहे.
तीन चकचकीत, एक काळं,
पेट्रोल भरणारा पोरगा दरवेळी हसतो.
रुझारला विचारलं, तसलं एखादं सुटं मिळेल?
मिळेल म्हणाला, पण तोलून घे,
आणि काटाच काढून हातात दिला.

परवा मोर्ल्याला त्याच काट्याला
झोळी बांधून एक महिन्याचं बाळ तोललं.
(घासून धुतला होता, राख लावून.)
आई विचारत होती, बरं आहे ना?
मी हो म्हणणारच होते,
थांबले,
काट्याचं हलणं थांबेपर्यंत.