नदीना पोटमा

युनियनच्या खोलीत, अमळनेरला,
सुपडूआबा फळ्यावर हनोई काढायचे.
आधी लाल नदी, मग तिच्या वळणात शहर.
"गावनं नावच शे, नदीना पोटमा."

हजार वर्षांपूर्वी एका राजाला तिथं
आभाळात चढणारा ड्रॅगन दिसला,
त्यानं राजधानी उचलून आणली.
पुढं तळ्यातलं कासव
दुसऱ्या राजाची तलवार परत घेऊन गेलं.
मागून झिपरू जॉबर विचारायचा,
"आन् पगारवाढ?"

आबा हसत नसत. फ्रेंच यायचे, जायचे,
मग विमानं.
रस्त्याकडेला एकेका माणसापुरते
सिमेंटचे खड्डे, वर झाकण.
पूल पडायचा, लोक जोडायचे, पुन्हा पडायचा.
खडू नेहमी इथंच मोडायचा.

स्वतः ते भुसावळच्या पलीकडं गेले नाहीत.

मिलचा भोंगा बंद झाला, त्या खोलीत आता
मोबाइलचं दुकान.
परवा नातवानं जळगावहून शर्ट आणला.
आबांनी कॉलर उलटून चिठ्ठी वाचली: व्हिएतनाम.
कापड अंगठ्याखाली घासलं, उजेडात धरलं,
ताणा पाहिला, बाणा पाहिला.
"वीण घट्ट शे."

आणि शर्ट घडी घालताना, कुणालाच नाही असं,
"रातपाळीना कितला देतस तढे?"